धडधडत्या हृदयाचे चित्र

जुन्या काळी छायाचित्र काढून घेणे सोपे नव्हते. कॅमेऱ्यासमोर बसले, की बराच वेळ न हलता बसून राहावे लागे. मान जरा वळली, की चित्र पुसट येई. त्या काळच्या छायाचित्रांतली माणसे इतकी ताठ आणि गंभीर दिसतात, याचे एक कारण हेच आहे.

शरीराच्या आतील भागांची चित्रे काढणारे एम. आर. आय. यंत्रही सुरुवातीला असेच होते. एक चित्र तयार व्हायला कितीतरी मिनिटे लागत. रुग्ण स्वतः दगडासारखा निश्चल पडून राहील. पण त्याच्या हृदयाचे काय? ते मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा धडधडते. त्याला कोणी 'थांब' म्हणू शकत नाही, आणि ते थांबले तर चित्राचा उपयोगही नाही. मग अशा हृदयाचे चित्र काढायचे कसे?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्या शास्त्रज्ञाचे नाव सर पीटर मॅन्सफील्ड. पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. पुढे सत्तराव्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पीटरचा जन्म ९ ऑक्टोबर १९३३ रोजी लंडनमधील लॅम्बेथ या भागात झाला. वडील गॅसच्या कंपनीत कारागीर होते. आई एका उपाहारगृहात काम करत असे. घरची स्थिती बेताचीच होती. पीटरला सहा वर्षे पूर्ण होण्याच्या थोडेच आधी दुसरे महायुद्ध सुरू झाले. लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा शहरातील मुलांना दूरच्या गावी पाठवण्यात आले. पीटरलाही डेव्हन परगण्यात, टॉर्की या समुद्रकाठच्या गावी राहावे लागले. युद्धाच्या शेवटी शेवटी जर्मनीने लंडनवर अग्निबाण सोडले. लोक त्यांना घाबरत. पीटरच्या मनात मात्र वेगळेच कुतूहल जागे झाले. हा अग्निबाण उडतो तरी कसा?

युद्धामुळे त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. इंग्लंडमध्ये त्या काळी अकराव्या वर्षी एक परीक्षा होत असे. ती उत्तीर्ण होणारी मुले चांगल्या माध्यमिक शाळेत आणि पुढे विद्यापीठात जात. नापास होणाऱ्यांची वाट बहुधा कारखान्याकडे किंवा दुकानाकडे वळे. पीटर या परीक्षेत नापास झाला. अकरा वर्षांच्या मुलाचे सगळे भवितव्य एका दिवसाच्या परीक्षेवर ठरवणे कितपत योग्य आहे, हे तुम्हीच सांगा!

पंधराव्या वर्षी शाळा सोडताना नोकरीविषयी सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पुढचा बेत विचारला. पीटरने विज्ञानाचे नाव घेतले. हाती कोणतेही प्रमाणपत्र नाही, तेव्हा एवढी मोठी उडी मारू नकोस, असा सल्ला त्याला मिळाला. मग त्याने दुसरी आवड सांगितली, ती छपाईची. आधी पुस्तके बांधणाऱ्याच्या हाताखाली आणि मग छापखान्यात जुळारी म्हणून तो उमेदवारी करू लागला.

जुळारी हा शब्द आज फारसा ऐकू येत नाही. शिशाची एकेक अक्षरे, म्हणजे खिळे, उचलून ओळीत बसवण्याचे काम जुळारी करत असे. उर्दू वृत्तपत्रांत हे काम फारसे नव्हते. तेथे कातिब सुंदर अक्षरात पूर्ण पान हाताने लिहून काढी. इंग्रजी आणि मराठी छापखान्यांत मात्र वर्षानुवर्षे हे खिळेच जुळवले जात. पीटरचे हात खिळे जुळवत होते आणि मन अग्निबाणांत गुंतले होते. अठराव्या वर्षी त्याने सरकारच्या अग्निबाण विभागात अर्ज केला. वेस्टकॉट या ठिकाणी त्याला साहाय्यकाची साधी नोकरी मिळाली. पुढे काही काळ सक्तीची लष्करी सेवा करून तो पुन्हा तेथेच परतला. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असा क्रम त्याने चालू ठेवला. अखेर १९५६ साली लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. १९५९ साली तो पदवीधर झाला.

पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याला एक प्रकल्प देण्यात आला. पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारे, सहज उचलून नेता येईल असे उपकरण त्याने बनवायचे होते. या छोट्या उपकरणाने त्याच्या आयुष्याला दिशा दिली. ते ज्या तत्त्वावर चालत होते, त्याच तत्त्वावर पुढे एम. आर. आय. यंत्र उभे राहिले. हे तत्त्व आपण जरा सावकाश समजून घेऊ.

आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. हा प्रोटॉन एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे असंख्य चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. त्यांना मोठ्या चुंबकाजवळ नेले, की त्यांच्यात थोडीशी शिस्त येते. हा मोठा चुंबक फारच जबरदस्त असतो. आज रुग्णालयांत नेहमी दिसणाऱ्या एम. आर. आय. यंत्राचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट शक्तिशाली असतो. एवढे करूनही दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाचांचाच जास्तीचा कल त्याच्या दिशेने होतो! पण पाण्याच्या एका थेंबातही प्रोटॉनांची संख्या मोजता येणार नाही इतकी प्रचंड असते. म्हणून हे पाचसुद्धा पुरतात.

आता झोका आठवा. झोक्याला अवेळी धक्का दिला, तर तो अडखळतो. त्याच्या लयीत धक्का दिला, तर हलक्या हातानेही तो उंच जातो. प्रोटॉनांचीही अशीच एक लय असते. त्या यंत्रात ही लय सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा इतकी असते. नेमक्या याच लयीच्या रेडिओलहरी सोडल्या, की प्रोटॉन डोलू लागतात. लहरी बंद केल्या, की ते हळूहळू पूर्वस्थितीला येतात आणि येताना स्वतःच एक क्षीण रेडिओसंदेश देतात. लय जुळण्याच्या या क्रियेला अनुस्पंदन म्हणतात. प्रोटॉनांचा हा संदेश १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे पकडला. त्याबद्दल १९५२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपल्याकडचे एक नावही या शोधाशी जोडलेले आहे. अल्कोहोलमधील हायड्रोजन तीन वेगवेगळ्या जागी असतो. म्हणून त्याचे संदेशही तीन प्रकारचे येतात. हे दाखवणारा प्रसिद्ध निबंध १९५१ साली तीन शास्त्रज्ञांनी लिहिला. त्यांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

म्हणजे नळीतील पदार्थाचा संदेश शास्त्रज्ञांना ओळखता येत होता. तो नळीच्या कोणत्या भागातून आला, हे मात्र समजत नव्हते. चित्र काढायचे तर जागा कळायला हवी.

मॅन्सफील्ड यांनी १९६२ साली डॉक्टरेट मिळवली. दोन वर्षे ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. १९६४ साली ते इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात अध्यापक झाले आणि मग शेवटपर्यंत तेथेच राहिले. १९७२ साली एके दिवशी चहाच्या वेळी सहकाऱ्यांशी गप्पा मारताना त्यांना एक कल्पना सुचली. क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंची रचना कळते. मग अनुस्पंदनाने पदार्थाची आतली रचना का कळू नये?

यासाठी एक युक्ती करायची होती. चुंबकाचे बळ सगळीकडे सारखे ठेवायचे नाही. एका टोकाला किंचित कमी आणि दुसऱ्या टोकाला किंचित जास्त ठेवायचे. असे केल्याने काय होईल? समजा, शाळेच्या मैदानावर चाळीस मुले एका रांगेत उभी आहेत. पहिला मुलगा अगदी खालच्या सुरात 'आ' म्हणतो, दुसरा किंचित वरच्या सुरात, तिसरा त्याहून वरच्या. तुम्ही डोळे मिटून ऐकत आहात. कोणता सूर मोठ्याने आला, एवढ्यावरून त्या जागी कोण उभे आहे, हे तुम्ही सांगू शकाल. जो सूर ऐकूच आला नाही, ती जागा रिकामी! चुंबकाचे बळ बदलले, की प्रोटॉनांचा सूरही असाच जागेप्रमाणे बदलतो. मिसळलेले सूर वेगळे करण्याचे काम गणित आणि संगणक करतात.

मॅन्सफील्ड यांनी ही युक्ती पहिल्यांदा कशावर वापरली असेल? चक्क कापरावर! कापराचे पातळ थर त्यांनी थोड्या थोड्या अंतरावर ठेवले आणि अनुस्पंदनाने ते थर वेगवेगळे ओळखून दाखवले. हे १९७३ साली घडले. त्याच वर्षी अमेरिकेत पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र प्रसिद्ध केले. दोघांनीही एकाच कल्पनेचे बीज स्वतंत्रपणे पेरले होते. लॉटरबर यांचा निबंध 'नेचर' या नामांकित नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. त्यांनी पुन्हा आग्रह धरला, तेव्हा तो छापला गेला.

मॅन्सफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे शरीराचा हवा तेवढाच काप निवडण्याची रीत शोधली. भाकरीच्या चवडीतून मधली एकच भाकरी पाहावी, तसे हे होते. १९७७ साली त्यांनी जिवंत माणसाच्या बोटाचे चित्र प्रसिद्ध केले. हाड, स्नायू आणि कातडी त्यात वेगवेगळी दिसत होती, आणि बोटाला सुईसुद्धा टोचलेली नव्हती.

आता पूर्ण माणूस मावेल असे यंत्र तयार झाले. १९७८ साल आले. यंत्रात पहिल्यांदा कोणी शिरायचे?

हा प्रश्न साधा नव्हता. चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलवला, तर तारेत वीज निर्माण होते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. एम. आर. आय. यंत्रात चुंबकाचे बळ भराभर बदलावे लागते. मग माणसाच्या शरीरातही वीज निर्माण होणार नाही का? आपले हृदय सूक्ष्म विजेच्या तालावर चालते. तो ताल बिघडला, तर माणूस दगावू शकतो. मॅन्सफील्ड यांना अशी सूचना एका जाणकाराकडून मिळालीही होती. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. शरीरात किती वीज निर्माण होईल, याचे गणित त्यांनी स्वतः मांडले. धोका नाही, असे उत्तर आले. आपल्या गणितावर आपला विश्वास असेल, तर दुसऱ्याला कशाला पुढे करायचे? ते स्वतःच यंत्रात शिरले.

सुमारे पन्नास मिनिटे ते त्या अरुंद, अंधाऱ्या जागेत न हलता राहिले. यंत्राचा चुंबक आजच्या मानाने बराच कमजोर होता, म्हणून इतका वेळ लागला. अखेर त्यांच्या पोटाच्या आडव्या कापाचे चित्र तयार झाले. ते ओबडधोबडच होते. गणित मात्र बरोबर ठरले होते.

पन्नास मिनिटांत हृदय साडेतीन हजार वेळा धडधडते. तेव्हा या वेगाने हृदयाचे चित्र काढणे केवळ अशक्य होते. मॅन्सफील्ड यांनी यावरचा उपाय आदल्याच वर्षी, १९७७ साली, कागदावर मांडून ठेवला होता. मला त्यांच्या कामातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

एम. आर. आय.चे चित्र एखाद्या पानासारखे ओळीओळीने गोळा करावे लागते. जुन्या रीतीत एकदा रेडिओलहरी सोडल्या, की एकच ओळ मिळे. मग प्रोटॉन शांत होईपर्यंत थांबायचे, पुन्हा लहरी सोडायच्या आणि दुसरी ओळ घ्यायची. एक ओळ वाचून पुस्तक मिटावे, थोड्या वेळाने उघडून दुसरी ओळ वाचावी, असा हा प्रकार होता. मॅन्सफील्ड म्हणाले, की पुस्तक मिटायचेच नाही. प्रोटॉन एकदा डोलू लागले, की ते शांत होण्याच्या आतच सर्व ओळी वाचून घ्यायच्या.

ते कसे करायचे? चुंबकाच्या बळाचा उतार झटकन उलटा करायचा, पुन्हा सुलटा करायचा, पुन्हा उलटा. प्रत्येक वेळी प्रोटॉनांचा विरत चाललेला संदेश प्रतिध्वनीसारखा परत येतो. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. समजा, एकाच पानावर पहिली ओळ मराठीची आहे, दुसरी उर्दूची, तिसरी पुन्हा मराठीची. तुमची नजर ओळीच्या शेवटी पोहोचली, की परत मागे न येता तेथूनच पुढची ओळ वाचू लागेल. मॅन्सफील्ड यांच्या रीतीत माहिती अगदी अशीच, नागमोडी चालीने गोळा होते. या रीतीला इको-प्लॅनर पद्धती म्हणतात. तिने एक चित्र सेकंदाच्या विसाव्या भागात काढता येते. तेवढ्या वेळात हृदयाचा एक ठोकाही पुरा होत नाही.

कल्पना सुचली, तरी ती लगेच प्रत्यक्षात आली नाही. एवढा मोठा विद्युतप्रवाह इतक्या झपाट्याने उलटसुलट करणारी साधने तेव्हा बाजारात मिळत नव्हती. नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत ती हाताने तयार करावी लागली. दुसरीही एक अडचण होती. बदलत्या बळामुळे यंत्राच्या धातूच्या भागांत नको असलेली वीज निर्माण होई आणि चित्र वेडेवाकडे येई. मुख्य वेटोळ्याभोवती दुसरे वेटोळे बसवून त्यांनी तो परिणाम बाहेर पडण्याआधीच अडवला. यात काही वर्षे गेली. दरम्यान, १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या गटाने आधी सशाच्या आणि मग तान्ह्या बाळांच्या धडधडत्या हृदयाची चित्रे काढली. तान्ह्या बाळाला 'हलू नकोस' असे कोण सांगणार? तसे सांगण्याची आता गरजच उरली नव्हती.

या वेगाचा फायदा केवळ हृदयाला झाला नाही. १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त यांचा चुंबकत्वाशी असलेला संबंध वेगवेगळा असतो. तो फरक एम. आर. आय.मध्ये दिसतो. मेंदूचा जो भाग काम करतो, तेथील रक्तात हा फरक पडतो. म्हणून माणूस बोलत असताना, पाहत असताना किंवा बोटे हलवत असताना मेंदूचा कोणता भाग जागा आहे, हे समजू लागले. असे बदल टिपायला भराभर चित्रे हवीत आणि ती इको-प्लॅनर पद्धतीनेच सोपी झाली. पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाच्या मेंदूत रक्त कोठे अडले आहे, हे पाहतानाही डॉक्टर हीच पद्धत वापरतात. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

या तंत्राचे मूळ नाव 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स' असे होते. रुग्णालयांनी त्यातला 'न्यूक्लिअर' शब्द गाळला. तो ऐकून लोकांना अणुबॉम्ब आठवेल, अशी भीती होती. खरे तर या यंत्रात किरणोत्सर्ग मुळीच नसतो. धोका असतो तो लोखंडाचा. यंत्राचा चुंबक रात्रंदिवस चालूच असतो, तपासणी नसतानाही. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात एक तरुण प्राणवायूचे नळकांडे घेऊन एम. आर. आय.च्या खोलीत शिरला. चुंबकाने ते नळकांडे त्याच्यासह खेचून घेतले आणि त्याचा जीव गेला. म्हणूनच त्या खोलीच्या दारात घड्याळ, किल्ल्या आणि नाणी काढून ठेवायला सांगतात. तेथे संकोच करू नये आणि घाईही करू नये.

१९९३ साली मॅन्सफील्ड यांना 'सर' हा किताब मिळाला. २००३ साली त्यांना आणि लॉटरबर यांना मिळून वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एक भौतिकशास्त्रज्ञ, दुसरे रसायनशास्त्रज्ञ आणि पारितोषिक वैद्यकशास्त्राचे! रेमंड डमेडियन या अमेरिकी डॉक्टरांना मात्र हा निर्णय पटला नाही. कर्करोगाची गाठ आणि निरोगी भाग यांचे संदेश वेगळे येतात, हे त्यांनी १९७१ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले होते. आपल्यावर अन्याय झाला, अशा पानभर जाहिराती त्यांनी वृत्तपत्रांत दिल्या. त्यांचे काम महत्त्वाचे होते, यात शंका नाही. पण आज ज्या रीतीने चित्र काढले जाते, ती लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांच्या वाटेनेच आली आहे.

मॅन्सफील्ड १९९४ साली निवृत्त झाले. त्यांना हेलिकॉप्टर चालवण्याचा छंद होता आणि त्याचा परवानाही त्यांनी मिळवला होता. प्रयोगशाळा मात्र त्यांनी सोडली नाही. आता ते एका नव्या प्रश्नाच्या मागे लागले होते आणि तो त्यांच्याच शोधाने वाढवला होता. प्रवाह असलेली तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली, की तिच्यावर बल पडते. इको-प्लॅनर पद्धतीत प्रवाह सारखा उलटसुलट होतो, म्हणून वेटोळी थरथरतात आणि हातोडा आपटावा तसा ठक ठक आवाज होतो. हा आवाज शंभर डेसिबेलच्याही वर जातो. लहान मुले घाबरतात आणि गर्भवती स्त्रियांच्या तपासणीतही त्याची काळजी वाटते. कमी आवाज करणारी वेटोळी बनवण्याचे काम ते निवृत्तीनंतरही करत राहिले. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधन केंद्राला आता त्यांचे नाव दिलेले आहे. आवाजाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तपासणीसाठी आत जाणाऱ्या रुग्णाच्या कानांत आजही बोळे घालतात किंवा कानांवर टोप्या बसवतात.